तोंड आलं, डोळे आले, ताप आला... आणि नवीन गोळी चालू आहे?

मधुमालती
दोन वर्षांपूर्वी आईच्या बाबतीत जे घडलं ते इथे कधी लिहिलं नव्हतं. आता भाच्याच्या निमित्ताने सगळं परत वर आलंय, म्हणून हा धागा.

आईच्या उजव्या गालात कळ यायची. दात घासताना, चूळ भरताना, नुसता पंख्याचा वारा लागला तरी विजेचा झटका बसावा तशी. घास हातात तसाच राहायचा. दाताचं दुखणं समजून दोन दाढा काढून झाल्या. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असल्याचं सांगितलं आणि कार्बामाझेपिन सुरू केलं. चार दिवसांत कळ थांबली. "देवासारखी गोळी आहे," आई म्हणाली.

तेराव्या दिवशी तोंड आलं. आम्ही बी-कॉम्प्लेक्स दिलं, तूप लावलं. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले. डोळ्यांची साथ होती, तेव्हा तेच असेल म्हटलं. मग ताप आला. सोळाव्या दिवशी सकाळी छातीवर लालसर ठिपके दिसले, मध्यभागी काळपट. शेजारच्या काकू म्हणाल्या, उष्णता बाहेर पडतेय, सब्जा द्या. या सगळ्या दिवसांत गोळी मात्र आम्ही वेळच्या वेळी देत होतो, कारण तिच्यामुळेच तर बरं वाटत होतं ना! त्या संध्याकाळी ब्लाऊज बदलायला घेतला आणि आईच्या पाठीची तळहाताएवढी कातडी कापडाबरोबर निघून आली. ओल्या वर्तमानपत्राचा कागद सुटावा तशी. आई ओरडली नाही, तिने फक्त माझं मनगट घट्ट धरलं.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे गोळीची गंभीर रिअॅक्शन, ज्यात कातडी सुटते. तेवीस दिवस रुग्णालयात होती. आई वाचली. डोळे मात्र कायमचे कोरडे झाले, दिवसातून सात-आठ वेळा थेंब घालावे लागतात.

मागच्या आठवड्यात भाच्याला (वय १४) दुसऱ्यांदा फिट आली. भाऊ त्याला घेऊन ओपीडीत गेला. घरात कुणाला फिट येतात का, असं विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खरंच आहे. आईचा विषय निघालाच नाही, कारण भावाच्या डोक्यात ती गालाच्या कळेची गोळी होती आणि ही फिटची. मी सहज चिठ्ठीचा फोटो मागवला आणि बघते तर तेच नाव. सुदैवाने गोळ्या अजून आणलेल्या नव्हत्या.

वाचनात एचएलए तपासणीचा उल्लेख आला. ती नक्की कोणती? भाच्याची करायची, की आधी आईची, की आम्हा सगळ्यांचीच? कुणाला अनुभव असेल तर सांगा. रात्री झोप लागत नाही.

पेन्शनर
ताई, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा आणि आईंचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. तोंडी सांगू नका, कागद समोर ठेवा. तोंडी सांगितलेलं गर्दीत हरवतं.

सह्यकडा
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, वीस वर्षं झाली. सगळ्यात आधी, भाच्याला ती गोळी सुरू करू नका. पण उपचारही लांबवू नका. दोन फिट येऊन गेल्यात, औषध लागणारच. न्यूरोलॉजिस्टना आज फोन करा, ते दुसरं औषध निवडतील.

आता तपासणीबद्दल. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचा नमुना बाहेर एका ताटात मांडून ठेवते. टी-पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, फिरत फिरत ही ताटं बघतात. ओळखीचं दिसलं की पुढे जातात, परकं दिसलं की हल्ला करतात. या ताटांना एचएलए म्हणतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि ताटाचा घाट माणसागणिक वेगळा असतो. एचएलए-बी*१५:०२ हा त्यातलाच एक घाट. कार्बामाझेपिनचा रेणू नेमका त्याच्या खोबणीत बसतो आणि आपलाच नमुना टी-पेशींना परका वाटू लागतो. मग ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सुटतं आणि कातडीच्या पेशी थरच्या थर मरतात. ताईंनी पाहिलेली ती सुटलेली कातडी म्हणजे हेच.

हा संबंध पहिल्यांदा तैवानमध्ये दिसला, २००४ साली. कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले ४४ रुग्ण तपासले, तर ४४ च्या ४४ जणांत हा प्रकार सापडला. ज्यांना ती गोळी सोसली होती त्यांच्यात तो फक्त ३ टक्के होता. वैद्यकात इतके स्वच्छ आकडे क्वचितच बघायला मिळतात. भारतातही २००९ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, त्यात ८ पैकी ६ रुग्णांत हाच प्रकार होता.

म्हणजे दोन जणांत नव्हता, हेही लक्षात ठेवा. आईंची तपासणी निगेटिव्ह आली तरी त्यांना ही गोळी आयुष्यात परत द्यायची नाही. त्यांच्या शरीराने उत्तर आधीच दिलंय, रक्ताला विचारायची गरज नाही. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि ऑक्सकार्बाझेपिनही त्यांनी टाळायची, ही त्याच घराण्यातली औषधं आहेत.

मुलांचं म्हणाल, तर आईंकडे या जनुकाची एक प्रत असेल असं धरून प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी, नातवाला पाव. भाच्याची तपासणी जरूर करा. एकदाच करायची असते, निकाल जन्मभर बदलत नाही.

नदीकाठ
बापरे, मधुमालती. मनगटाचं वाचून पुढे वाचवेना. आईंना नमस्कार सांगा.

टेकडीवरून
आम्ही सिंगापूरला असतो. इथे २०१३ पासून आशियाई वंशाच्या माणसाला नव्याने कार्बामाझेपिन द्यायचं तर आधी ही तपासणी करतात, आणि तिला सरकारी अनुदान आहे. माझ्या नवऱ्याला अशीच गालाची कळ होती. डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि निकाल येईपर्यंत दुसऱ्या औषधावर ठेवलं. मला तेव्हा कटकट वाटली होती, गालात कळा येतायत आणि हे रक्त कसलं तपासतायत म्हणून. हा धागा वाचून आज त्याचा अर्थ कळला.

आपल्याकडे हे का होत नाही?

रानवाट
कारण आपल्याकडे ओपीडीत एका पेशंटला चार मिनिटं मिळतात. डॉक्टरांनी धोका सांगितला असता तर मधुमालतींनी तेराव्या दिवशीच गोळी थांबवली असती. सांगणं हे डॉक्टरांचं काम नाही का? मला तर संताप आला वाचून.

सह्यकडा
रानवाट, संताप रास्त आहे. ही गोळी लिहिताना एक वाक्य बोललंच पाहिजे: "पहिले दोन-तीन महिने अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी घ्यायच्या आधी मला फोन करा." दहा सेकंद लागतात. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे वाक्य घोकून घेतो.

गणितवेडा
आकडे बघायची सवय म्हणून लिहितो. तैवानमध्ये पुढे मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २३ रुग्णालयं, ४८७७ माणसं. कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी सगळ्यांची तपासणी केली. ७.७ टक्के पॉझिटिव्ह निघाले, त्यांना ती गोळी दिलीच नाही. जुन्या अनुभवावरून साधारण १० जणांना स्टीव्हन्स-जॉन्सन व्हायला हवा होता. झाला शून्य जणांना.

आता दुसरी बाजू. तपासणी नसताना तिथे हे प्रमाण ०.२३ टक्के धरलं होतं. हे सगळे पॉझिटिव्हवाल्यांतूनच येतात असं मानलं, तर ०.२३ भागिले ७.७, म्हणजे जवळपास ३ टक्के. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०० माणसांना गोळी दिली असती, तर ९७ जणांना काहीही झालं नसतं.

कोकणकन्या
मग गणितवेडा, त्या ९७ जणांना चांगल्या औषधापासून दूर ठेवायचं? माझा भाऊ बावीस वर्षं हीच गोळी घेतोय. या गोळीवर त्याचं शिक्षण झालं, नोकरी झाली, संसार झाला. आधीच्या कुठल्याच औषधाने त्याच्या फिट थांबल्या नव्हत्या. असे धागे वाचून कुणी घाबरून गोळी बंद केली तर? फिट रस्त्यात आली तर माणूस जातो. मला मधुमालतींच्या आईंबद्दल वाईटच वाटतंय, पण ही भीतीही खरी आहे.

सह्यकडा
कोकणकन्या, बरं झालं लिहिलंत. मोठ्या अक्षरात वाचा सगळ्यांनी: जे वर्षानुवर्षं ही गोळी घेतायत आणि ज्यांना ती सोसलीय, त्यांनी ती चालू ठेवायची. ही रिअॅक्शन जवळजवळ नेहमी पहिल्या काही आठवड्यांत येते, फार तर दोन-तीन महिन्यांत. बावीस वर्षं सोसलेल्या भावाला तपासणीचीही गरज नाही. फिटची गोळी मनाने बंद करणं स्वतःच जीवघेणं आहे.

आणि त्या ९७ जणांचं. फिटसाठी आज पर्याय आहेत, म्हणून पॉझिटिव्ह माणसाला ती न देणं परवडतं. पर्याय नसते तर मी वेगळं बोललो असतो.

मधुमालती
डॉक्टर, खूप आभार. भावाशी बोलले. उद्या सकाळी अकराची वेळ मिळालीय.

एक विचारते. साधं पुरळ आणि हे, यातला फरक घरी कसा ओळखायचा? काकूंचं मला अजूनही राहून राहून आठवतं. त्यांनी मायेनेच सांगितलं होतं.

सह्यकडा
साधं पुरळ खाजतं. हे दुखतं. आग होते, अंगावर पांघरूण सहन होत नाही. बऱ्याचदा कातडीवर काही दिसायच्या आधी दोन-तीन दिवस ताप, घसा, डोळ्यांची जळजळ सुरू होते. आणि हे ओल्या जागा धरतं: तोंड, डोळे, लघवीची जागा. यातल्या दोन जागा एकदम धरल्या आणि चार दिवस ते चार आठवड्यांपूर्वी नवीन औषध सुरू झालेलं असेल, तर घरी थांबायचं नाही.

मराठीत आपण "तोंड आलं", "डोळे आले" असं सहज म्हणतो. एकेक आलं तर बहुतेक वेळा साधंच असतं. दोन्ही बरोबर आली आणि मागोमाग ताप आला, तर घरातल्या नव्या गोळीच्या पाकिटाकडे बघायचं.

काकूंना दोष देऊ नका. १९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तेव्हा त्यांनाही तो नवाच संसर्ग वाटला होता.

चाफा
मी या आजारातून गेलेली आहे. २०११ मध्ये, सल्फाच्या गोळीने, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिली होती. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

मधुमालती, आईंच्या पापण्या तपासून घ्या. बऱ्याच जणींच्या पापण्यांचे केस नंतर आतल्या बाजूला वळतात आणि बुबुळ घासत राहतात. माझी बहीण दर पंधरा दिवसांनी खिडकीशी बसवून चिमट्याने एकेक केस काढते. सकाळी उठल्यावर डोळा उघडताना पापणी चिकटलेली असते, म्हणून मी उशाशी थेंब ठेवते आणि डोळे मिटलेले असतानाच कोपऱ्यात घालते. मग अलगद उघडतो. हे कुणी शिकवलं नाही, करत करत जमलं. माझी सगळी नखंही गळून पडली होती, ती परत आली. केस आले. रंग मात्र ठिपक्याठिपक्यांचा राहिला. पहिली दोन वर्षं मी लांब बाह्यांशिवाय बाहेर पडले नाही. आता पडते.

ज्यांची नजर पार जाते त्यांच्यासाठीही काही वाटा आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात पेशंटच्याच दातात भिंग बसवून तो डोळ्यात रोवण्याची शस्त्रक्रिया करतात. ऐकायला अद्भुत वाटतं, पण आहे.

जनुकांचं म्हणाल, तर माझ्या गोळीसाठी अशी नेहमीच्या वापरातली तपासणी नाही. म्हणून सगळ्यांना एकच विनंती: तपासणी निगेटिव्ह आली तरी पहिले दोन महिने अंगाकडे लक्ष असू द्या.

पेन्शनर
चाफा, तुमचं लिहिणं वाचून गप्प झालो. अशाच लिहीत राहा.

रानमेवा
माझ्या वडिलांचं सांगतो. वार्षिक तपासणीत युरिक अॅसिड ७.४ आलं. सांधा दुखत नव्हता, अंगठा सुजला नव्हता, काही नाही. तरी ॲलोप्युरिनॉल सुरू झालं, ३०० ची गोळी पहिल्या दिवसापासून. किडनी थोडी कमजोर होतीच. पाचव्या आठवड्यात चेहरा सुजला, अंगभर लाल झालं, ताप उतरेना, कावीळ झाली. ड्रेस नावाची रिअॅक्शन म्हणाले. त्यातून वर यायला तीन महिने गेले. यालाही जनुक असतं का?

सह्यकडा
असतं. एचएलए-बी*५८:०१. हेही तैवानमध्येच सापडलं, २००५ साली. ॲलोप्युरिनॉलची गंभीर रिअॅक्शन आलेल्या ५१ पैकी ५१ जणांत. पण गोळी सोसलेल्यांतही तो १५ टक्के जणांत होता. म्हणजे जनुक लागतं, पण ते एकटं पुरत नाही. किडनी कमजोर असणं आणि सुरुवातीलाच मोठा डोस, या दोन गोष्टी आगीत तेल ओततात. म्हणून १०० किंवा त्याहून कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, संधिवाताचा झटका नाही, खडा नाही, नुसता रिपोर्टमधला आकडा वर आहे, तर बहुतेकांना ही गोळी लागतच नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत जनुकाच्याही आधीचा प्रश्न तोच होता.

रानमेवा
हे वाचून पोटात खड्डा पडला. त्यांना ती गोळी लागतच नव्हती.

अलीबागची
मग सरळ सगळ्यांचीच एकदा सगळी एचएलए तपासणी करून आधारला जोडून टाका ना! जन्माला आल्यावर रक्तगट बघतात तसं. कुठलीही गोळी लिहायच्या आधी डॉक्टरांना पडद्यावर दिसेल.

गणितवेडा
कल्पना आकर्षक आहे, पण हाँगकाँगची गोष्ट ऐका. तिथे २००८ पासून कार्बामाझेपिनच्या आधी तपासणी सुरू झाली. कार्बामाझेपिनने होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन थांबला. पण फिटच्या औषधांमुळे होणारे एकूण रुग्ण काही कमी झाले नाहीत! का, तर तपासणीची भानगड नको म्हणून डॉक्टरांनी कार्बामाझेपिन लिहिणंच कमी केलं आणि फेनिटॉइनसारख्या गोळ्या वाढवल्या. त्या गोळ्यांनी आपला वाटा उचलला.

सह्यकडा
गणितवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. फेनिटॉइनचं आणखी एक. त्याच्या रिअॅक्शनचा संबंध सीवायपी२सी९ नावाच्या यकृतातल्या विकराशी आहे, हे २०१४ मध्ये पुढे आलं. त्याचा *३ हा मंद प्रकार असला की गोळीचा निचरा सावकाश होतो आणि ती अंगात साचत जाते. हा मंद प्रकार आपल्या लोकांत तैवानपेक्षा जास्त आढळतो. युरोपात आणि जपानात कार्बामाझेपिनच्या रिअॅक्शनशी एचएलए-ए*३१:०१ हा वेगळाच प्रकार जोडलेला आहे. म्हणजे एकाच गोळीला वेगवेगळ्या लोकांत वेगळी जनुकं.

१५:०२ चं प्रमाण दक्षिण आशियात सरासरी २ ते ४ टक्के धरतात, काही समूहांत त्याहून जास्त. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जातीत आणि आप्तांत लग्नं होत आली, त्यामुळे "भारतीय सरासरी" या शब्दाला फारसा अर्थ नाही.

वर्धेकर
कुष्ठरोगाच्या कामात मी बरीच वर्षं होतो, म्हणून हे सांगावंसं वाटतं. आपल्या भागात कुष्ठरोगाच्या एमडीटीची (अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराची) गोळ्यांची पानं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्यात डॅप्सोन असतं. हजारो लोक त्यावर बरे झालेले मी पाहिलेत, तेव्हा कुणी गैरसमज करून घेऊ नका. पण क्वचित एखाद्याला चौथ्या-पाचव्या आठवड्यात ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी आणि कावीळ असं एकदम होतं. त्याला डॅप्सोन सिंड्रोम म्हणतात. २०१३ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून त्याचा एचएलए-बी*१३:०१ शी संबंध समजला.

आमची अडचण वेगळीच असायची. कुष्ठरोग आहे हे माणूस घरात लपवायचा, त्यामुळे गोळ्याही लपवायचा. ताप आला की गावातल्या डॉक्टरकडे जायचा आणि डॅप्सोनचं नाव सांगायचा नाही. डॉक्टर टायफॉइड समजून औषध द्यायचे, इकडे डॅप्सोन चालूच. एक बाई आमच्यापर्यंत आल्या तेव्हा गोळ्यांचं पान लुगड्याच्या ओच्यात होतं. नवऱ्याला बाहेर पाठवलं, तेव्हा कुठे काढून दाखवलं. त्यांचं डॅप्सोन थांबवून बाकीची औषधं चालू ठेवली. बऱ्या झाल्या.

औषधपेटी
मी फार्मसिस्ट. वर्धेकरांचं वाचून लिहितेय. लपवलेली गोळी सोडा, आपल्याकडे समोर दिलेल्या गोळीचं नावही माणसाला माहीत नसतं. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात: दोन पांढऱ्या, एक पिवळी, अर्धी गुलाबी. रिअॅक्शन आल्यावर पुडी घेऊन लोक माझ्या काउंटरवर येतात, "ताई, ही कशाची?" कापलेल्या पट्टीतून काढलेली अर्धी गोळी मी कशी ओळखू? डॉक्टरांना हात जोडून सांगा, पुडीवर नाव लिहून द्या. आणि दुकानातून सुट्या चार गोळ्या घेतल्यात तर पट्टीचा नाव असलेला तुकडा मागून घ्या.

दुसरं, एकाच औषधाला दहा ब्रँड असतात. "ती गोळी चालत नाही" म्हणून ब्रँड बदलला आणि आत तेच औषध, असंही घडतं. लक्षात ठेवायचं ते ब्रँडखाली बारीक अक्षरात छापलेलं नाव.

तिसरं, रिअॅक्शन कळवायला १८००-१८०-३०२४ हा फुकट क्रमांक आहे, औषधसुरक्षेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा. पेशंटही कळवू शकतो. अशा नोंदींवरूनच २०२३ च्या शेवटी मेफेनॅमिक अॅसिडबद्दल ड्रेसचा इशारा निघाला. पाळीच्या दुखण्यासाठी मुली ही गोळी मनाने घेतात, म्हणून मुद्दाम सांगते.

अलीबागची
पुडीवरून आठवलं. आमच्या आजीच्या गोळ्या रंगावर चालायच्या. गुलाबी बीपीची, पांढरी गुडघ्याची. एकदा दुकानदाराने बीपीच्या दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या दिल्या, त्या निघाल्या पांढऱ्या. आजीने आठवडाभर सांगितलं, "या वेळी गुडघ्याला भलताच आराम आहे, दोन-दोन पांढऱ्या मिळतायत." हसून हसून पुरेवाट झाली, मग आईने बसून प्रत्येक पट्टीवर स्केचपेनने मोठी चित्रं काढली: हृदय आणि गुडघा.

औषधपेटी
अलीबागची, ही चित्रांची युक्ती उद्यापासून माझ्या दुकानात सुरू!

मधुमालती
सगळ्यांना, उशिरा लिहितेय. न्यूरोलॉजिस्टनी आईचं कार्ड दोनदा वाचलं आणि स्वतःच म्हणाले, "मी फिटचंच विचारलं, औषधांचं विचारायला हवं होतं." लगेच लेव्हेटिरासिटाम सुरू केलं. रक्त भाच्याचं, भावाचं आणि माझंही दिलं.

काल रिपोर्ट आले. भाऊ पॉझिटिव्ह, भाचा पॉझिटिव्ह. मी निगेटिव्ह.

घरात कुणी काही बोललं नाही. मग आईने विचारलं, "म्हणजे हे माझ्याकडून गेलं का त्याला?" मी हो म्हटलं, खोटं काय बोलायचं. बराच वेळ ती थेंबांची बाटली हातात फिरवत बसली आणि मग म्हणाली, "हे त्याच्या लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का?" चौदा वर्षांचा आहे हो तो. मला हसू पण आलं आणि रडू पण.

कोकणकन्या
आई आहेत त्या, दुसरं काय सुचणार. आमच्याकडे भावाच्या फिटचं सांगून लग्न ठरवलं, लपवलं नाही. वहिनी आज त्याच्या गोळ्यांचा हिशोब त्याच्यापेक्षा पक्का ठेवते. हे तर आजारसुद्धा नाही.

सह्यकडा
आईंना सांगा, हा आजार नाही, दोषही नाही, रक्तगटासारखी ओळख आहे. ठरावीक गोळी अंगात गेली नाही तर शंभर वर्षं जगून माणसाला त्याचा पत्ताही लागणार नाही. भाच्याची भावंडं, चुलत-आत्ये कुणी असतील त्यांनाही कळवा. आणि त्याच्या खिशात एक कार्ड हवं. थायलंडमध्ये अशी जनुकांची कार्डं पेशंटना पाकिटात ठेवायला देतात. आपण घरी करू. फिट रस्त्यात आली तर अपघात विभागात पहिलं इंजेक्शन बऱ्याचदा फेनिटॉइनचंच काढतात.

मधुमालती
असं लिहिलंय, बघा बरोबर आहे का:

"मला फिट येतात. मी लेव्हेटिरासिटाम घेतो. एचएलए-बी*१५:०२ पॉझिटिव्ह. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन देऊ नये. आजीला कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झाला होता." खाली वडिलांचा फोन.

औषधपेटी
उत्तम. मागच्या बाजूला हेच इंग्रजीत लिहा, मुलगा परराज्यात गेला तरी चालेल. फॉस्फेनिटॉइन हेही नाव घाला, ते फेनिटॉइनचंच रूप.

सह्यकडा
हो, ते घाला. रिपोर्टची झेरॉक्स शाळेतही द्या.

मधुमालती
घातलं. भाऊ लॅमिनेट करायला गेलाय, दोन प्रती काढतोय, एक दप्तरासाठी. आईनेही स्वतःचं वेगळं कार्ड मागितलंय. मोठ्या अक्षरात, म्हणजे तिला वाचता येईल असं.